नाताळला ये, पण रात्रीच्या घाटातून नको

घरून, सोमवार, १५ डिसेंबर २०२५

प्रिय सावियो,

आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र नेवऱ्यांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवलंय. आधी पत्र वाच, मग डबा मित्रांत काढ. मेसेजवर एवढं लिहायला मला जमत नाही, आणि फोनवर तू "हो हो" म्हणून ठेवून देतोस.

काल मी "येऊच नकोस मग" म्हटलं. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. आनंदाचा रविवार. सकाळी गुलाबी मेणबत्ती लावली, फादरांचं प्रवचन ऐकलं, गाणी म्हटली, आणि संध्याकाळी पोटच्या पोराला नाताळला येऊ नको म्हणून मोकळी झाले. तू फोन ठेवलास, त्यात तुझी चूक नाही. ते शब्द मी मागे घेते. तू ये. पण गोव्याहून मोटारसायकलवरून, रात्रीचा, एकटा, चोर्ला घाटातून येऊ नकोस. हे एकदाच लिहिते. पुढं पत्रात गाडीचा विषय काढणार नाही.

लीनावर रागावू नकोस. तिनं चुगली केली नाही. मीच तिला विचारलं, रजा कधीपासून मिळाली म्हणून, आणि तिला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. चोवीसला रात्री अकराला ड्युटी सुटणार, तसाच गाडीवर बसून पहाटे तीनपर्यंत घरी येणार, असं तिच्या तोंडून निघालं आणि माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

इकडचं सगळं बरं आहे. भाताची मळणी आटपली. यंदा पाऊस लांबला म्हणून खालच्या दोन पट्ट्यांचं भात लोळलं होतं, पण बासमतीचं बऱ्यापैकी पदरात पडलं. घरात पोतं फोडलं त्या दिवशी वास अंगणापर्यंत आला. भात काढलेल्या वावरात मसूर पेरलाय, बोटभर वर आलाय. रोज सकाळी त्यावर दहिवर असतं. थंडी चांगली पडलीय. सकाळी आठपर्यंत रस्त्यापलीकडचा आंबा दिसत नाही. इथं आपल्या गावात असं, तर कणकुंबीला काय असेल बघ. तिथं तर मलप्रभेचा उगम, चहूकडं रान, धुकं जमिनीवर बसलेलं असतं.

बघ, निघालाच विषय.

बाबांनी मागच्या आठवड्यात चांदणी केली. बाजारात प्लॅस्टिकच्या तयार चांदण्या ढिगानं आल्यात, पण त्यांनी बेटातला बांबू तोडून कामट्या काढल्या, लाल आणि पांढरा पतंगाचा कागद आणला, दोन रात्री ओसरीवर बसून चिकटवली. शेपट्या तेवढ्या तुझ्यासारख्या जमल्या नाहीत. "सावियो असता तर" असं म्हणाले नाहीत, पण कात्री तीनदा खाली ठेवली. आंब्याच्या फांदीला दरवर्षीच्या जागी टांगलीय, म्हणजे जांबोटीकडून येताना वळणावरूनच दिसते.

नाताळच्या गोठ्याची तयारी मी आणि लीनानं केली. मोहरी आणि नाचणी परातीत मातीवर टाकलीय, म्हणजे चोवीसपर्यंत हिरवीगार होईल. पिंजर आपल्याच भाताचं. तू चौथीत असताना गोठ्यात तळं पाहिजे म्हणून आजीचा आरसा घेतलास आणि तो तडकला, तरी तोच आरसा आपण अजून लावतो. मेंढरांतल्या एकाचा पाय यंदा मोडला. मी मेणानं चिकटवलाय. बाळ येशू कपाटात पांढऱ्या रुमालात आहे. घरात धाकटा म्हणून तो गव्हाणीत ठेवायचा मान तुझा. गेल्या साली तू नव्हतास, तेव्हा लीनानं ठेवला, पण तिचे डोळे भरून आले आणि आजी म्हणाली, "हा हात वेगळा आहे."

गेल्या सालचं मला माहीत आहे. तुला पंचवीसला सुटी दिली नाही, सव्वीसला बसनं आलास. काँग्रेसच्या १९२४ च्या अधिवेशनाला १०० वर्षं झाली म्हणून बेळगाव नखशिखांत दिव्यांनी सजलं होतं. बसमधून उतरून तू लीनाला फोन केलास, "अगं, यंदा नाताळचे एवढे दिवे?" आणि त्याच रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली, दुसऱ्या दिवशी टिळकवाडीकडं सगळं शांत शांत. तू दोन दिवस राहिलास. जाताना म्हणालास, "पुढच्या वर्षी काहीही झालं तरी मिस्साला नाही, तर निदान पहाटे तरी घरी असणार." ते तू मनात धरून ठेवलंयस. मला तेच भय आहे. काहीही झालं तरी, असं म्हणू नये रे.

आणि खरं सांगायचं तर हा हट्ट तुझ्या डोक्यात मीच घातला. मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, स्मशानातून येऊन मी तुला फोन केला, आणि आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आल्यामुळं मन हळवं झालं होतं, म्हणून बोलून गेले की आजीचं काही खरं नाही, हा तिचा शेवटचा नाताळ असायचा, यंदा तरी ये. ते बोलायला नको होतं. आजी बरी आहे. ऐकायला कमी येतं आणि रात्री दोनदा उठते, एवढंच. परवा तिनं माझ्या हातून कुलकुलाचं पीठ काढून घेतलं, "घट्ट मळलंस" म्हणाली, आणि बसल्या बसल्या शंभरेक कुलकुल केले. काट्याच्या पाठीवर नव्हे, तिच्या त्या जुन्या शिंगाच्या फणीवरच. तेव्हा तिच्यासाठी जिवावर उदार होऊन धावत येऊ नकोस. पंचवीसला दुपारी आलास तरी ती इथंच असेल, पडवीत, खुर्चीवर, दाराकडं तोंड करून.

तुला वाटतं आई घाबरट आहे, तिला रस्ता काय माहीत. सावियो, तो घाट तू गाडीवरून बघितलास, मी पायी चाललेय. २००४ साली गोंयच्या सायबाच्या, संत फ्रान्सिस झेवियरच्या, शवदर्शनाला आपल्या गावचे चाळीस-पन्नास जण चालत निघाले, त्यात मी, बाबा, मामा आणि पाच वर्षांचा तू. जांबोटीपर्यंत तू चाललास, मग बाबांच्या खांद्यावर, मग मामाच्या. कुसमळीच्या पुलावर थांबून तू मलप्रभेत खडे टाकलेस. कणकुंबीच्या पुढं रान दाट झालं तसं सगळ्यांनी जपमाळ सुरू केली, आणि तुला "नमो मरिये" अर्धीच येत होती, तेवढीच तू मोठ्यानं म्हणायचास. घाटात एका वळणावर गव्यांचा कळप आडवा आला. काळे, डोंगराएवढे. आम्ही सगळे जिथल्या तिथं थांबलो. मामानं तुला खांद्यावरून उतरवून पोटाशी धरलं. ते पाच मिनिटांत निघून गेले, पण मला त्यांच्या पायांतले पांढरे मोजे अजून दिसतात. आणि ते भर दिवसा. रात्री त्यांच्या अंगावर उजेड पडला तरी काळ्यावर काळं, काय दिसणार? केरीचं अंजुणे धरण मागं पडलं की गोव्याकडून चढ लागतो, आणि वर आलं की दोन्ही बाजूंना अभयारण्य. मध्ये चहाची टपरीसुद्धा रात्री उघडी नसते. फोनला रेंज नाही. गाडी पंक्चर झाली तर तू कुणाला हाक मारणार?

आणि चोवीसची रात्र. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, सगळीकडची पोरं गाड्या भरून गोव्याला त्याच रस्त्यानं जात असतात. येतानाच पिऊन येणारी असतात. तुझं चालवणं चांगलं आहे हे मी मान्य करते, पण समोरून येणाऱ्याचं मी काय मान्य करू?

मामाचं मी लिहिणार नाही. फोन पहाटे साडेतीनला आला होता, एवढंच. तेव्हापासून घरातला फोन त्या वेळी वाजला की माझे पाय गळतात, मग तो राँग नंबर का असेना.

आता एक सांगू? तू ही गाडी घेतलीस तेव्हा मीच सगळ्यांत जास्त मिरवले. सेकंडहँड होती, पण तुझ्या पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून, कुणाकडं हात न पसरता. चर्चसमोर लावून फादरांनी आशीर्वाद दिला, तीर्थ शिंपडलं, आणि हँडलला जपमाळ मीच गुंडाळली. मागं बसवून तू मला बेळगावच्या कॅम्पात फातिमा कॅथेड्रलला घेऊन गेलास, येताना कुंदा घेतलास. मी तुझ्या खांद्याला धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, ह्याच खांद्याला दप्तर अडकवून हा रडत रडत शाळेला गेला. त्या गाडीवर माझा राग नाही. दिवसा चालव, कुठं पाहिजे तिथं जा.

तुझा फोटो सगळ्यांना दाखवलाय. तो आल्याच्या बिस्किटांचा बंगला तू एकट्यानं केलास ना? दाराला कडी, छपरावर साखरेचं बर्फ. कॉयरमधल्या बायकांनी फोन हातातून सोडला नाही. एकीनं विचारलं, "हे खायचं का ठेवायचं?" मी म्हटलं, परदेशी पाहुणे बघायला येतात. वरच्या आळीतल्या काकूंना मात्र मी दुसरं सांगितलं. म्हटलं, ह्या हाताला वळण घरात दोदोल ढवळताना लागलं. तुला आठवतं की नाही कोण जाणे. परसात तीन दगडांची चूल, तांब्याचं मोठं भांडं, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आणि गूळ. आजी म्हणायची, गोव्याचा माडाचा काळा गूळ घातला की खरा रंग येतो, तर बाबा कुठून तरी चार ढेपा आणायचेच. चार-चार तास ढवळायचं. हात दुखला की दुसऱ्यानं घ्यायचं, पण उलथणं थांबवायचं नाही, नाहीतर तळाला लागतं. तू नऊ वर्षांचा असशील, "माझी पाळी, माझी पाळी" करत उलथणं घेतलंस आणि फसकन एक थेंब मनगटावर उडाला. तू रडला नाहीस. मीच रडले. डाग आहे ना अजून? यंदा दोदोल अर्ध्या मापाचं केलंय, ढवळायला माणसं नाहीत म्हणून. बाबांचा डावा खांदा दुखतो. ते तुला सांगत नाहीत, मी सांगते, पण तू विचारलंस तर मी सांगितलं म्हणू नकोस.

डब्यात काय काय आहे ते लिहिते. नेवऱ्या सर्वांत वरती, त्या आधी संपवा, खोबऱ्याच्या आहेत, टिकत नाहीत. खाली कुलकुल, ते आजीचे. कडेला पिशवीत चकली आणि तळलेली गुलाबाची फुलं. दोदोलची वडी केळीच्या पानात आहे. तुझ्या खोलीतला तो बिहारचा मुलगा घरी जाणार नाही म्हणालास, त्याला निम्मं दे. त्याची आई तिकडं वाट बघत असेल.

जेवण वेळेवर करतोस का? स्वयंपाकघरात काम करणारी पोरं उपाशी राहतात, हे मी ऐकलंय. दिवसभर दुसऱ्याला वाढायचं आणि रात्री बाराला उभ्या उभ्या दोन पाव खायचे. अठरा तास उभं राहून डोळे मिटत असतात, तसंच कोणी गाडी चालवत नाही. दमलेल्या माणसाला झोप आली हे कळत नाही रे, त्याला वाटतं मी जागाच आहे. आणि एकतीसला हॉटेलात पाहुणे पाजतात म्हणे. तू घेत नाहीस हे मला माहीत आहे, तरी एखाद्यानं आग्रह केला तर... आणि पैसे साठवतोस ना? मित्रांना उसने देऊ नकोस, मागच्या वेळचे अजून...

जाऊ दे. २६ वर्षांच्या पोराला मी पाचवीतल्या पोरासारखं सांगत बसले. क्षमा कर. तुझं तुला कळतं. तू तिथं एकटा राहून उभा राहिलास, हे सोपं नव्हतं.

मी एक विचार केलाय, तो ऐक. भाजीचा टेम्पो रोज इथून रात्री निघतो, कोबी, ढबू, मिरच्या घेऊन. हा डबासुद्धा त्यातूनच आला तुझ्याकडं. म्हापशाला पहाटे माल उतरवून तो रिकामा परत फिरतो. ड्रायव्हर आपल्या ओळखीचा, बाबांबरोबर शाळेत होता, तीस वर्षं तो घाट करतोय, दारूला शिवत नाही. त्याला मी विचारलं. पंचवीसला पण त्याची खेप आहे. तू चोवीसला ड्युटी संपली की सरळ झोप. पहाटे म्हापशाला ये, त्याच्या शेजारी बस, डोळे मिटून घे. साडेदहा-अकरापर्यंत आपल्या फाट्यावर उतरशील. टेम्पो नको वाटला तर पणजीहून बसेस आहेत, कदंबची आहे, आपल्या कर्नाटकाची आहे. शहरात गर्दी असली तरी तू अलीकडंच उतरणार.

मिस्सा चुकेल, हे तुला लागेल. तिथल्या चर्चमध्ये जा. कळंगुटचं चर्च एवढं मोठं, चोवीसला तिथं गर्दी असेल, पण मागं उभं राहायला जागा मिळते. ड्युटीतून तासभर सोडा म्हणून विचार, विचारायला काय जातं. नाहीच सोडलं तर पंचवीसला संध्याकाळी आपण सगळे मिळून कॅम्पात जाऊ, गोठा बघू, आजीलासुद्धा रिक्षानं नेऊ.

सान्ना आणि सोरपोतेल सकाळी करत नाही. दुपारी तू आल्यावर करू. आजीला सांगितलं, तर म्हणाली, नाताळचं जेवण कधी दुपारी दोनला झालंय का? मी म्हटलं, यंदा होईल. शेजाऱ्यांची ताटं मात्र सकाळीच जातील. दिवाळीत त्यांच्याकडून फराळ आला, ती ताटं रिकामी परत करायची नाहीत. लीना आणि मी वाटू. पूर्वी तू आणि लीना ताटांवर क्रोशाचे रुमाल घालून घरोघरी जायचात आणि प्रत्येक घरात थोडं खाऊन यायचात, ते मुल्लांच्या घरी अजून विचारतात.

आणि बाळ येशूचं. मी ठरवलंय, चोवीसच्या रात्री मिस्साहून येऊन गव्हाण तशीच रिकामी ठेवणार. मेणबत्ती लावीन, प्रार्थना म्हणू, पण बाळ रुमालातच राहील. तू आल्यावर हात-पाय धुऊन ठेव. फादरांना विचारलं मी, चालेल का असं. ते म्हणाले, चालेल की. आजीला अजून सांगितलं नाही.

एकतीसपर्यंत राहायला मिळणार नाही, हे कळतं. गल्लीतली पोरं एकतीसच्या रात्री जाळायचा पुतळा, ओल्ड मॅन, करायला लागलीत. परवा दोघं येऊन बाबांची जुनी पँट आणि आपलं पिंजर घेऊन गेली. म्हणाली, सावियोदादानं दाखवलं होतं तसं डोकं मडक्याचं करणार. तू दहावीत असताना केलेला तो ओल्ड मॅन कॅम्पात विकला गेला होता, त्या पैशातून तू मला स्वेटर आणलास. निळा. कोपरात विरलाय, आज तोच घातलाय.

बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. फोनवर ते बोलले नाहीत कारण मीच फोन सोडला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तो येणारच. त्याला अडवून काय उपयोग." मग उठून बाहेर गेले. चांदणीचा दिवा बंद करायचा असतो दहाला, तो त्यांनी बंद केला नाही.

आता टेम्पोवाला हॉर्न देईल. सावियो, मी पुन्हा सांगत नाही. गाडी तिथंच खोलीखाली राहू दे, चावी त्या बिहारच्या मुलाकडं दे. पोहोचलास की फोन कर, म्हणजे म्हापशाला पोहोचलास की. टेम्पोत बसलास की पण कर. मी जागी असेन.

तुझी
आई

ता. क. डबा बंद करायला गेले तर खाली काहीतरी जाड लागलं. बाबांनी माझ्या नकळत त्यांचं काळं जर्किन घडी करून घातलंय, सोबत मुंडाशाचा मफलर, आणि तो नवा चमकणारा पट्टा, रात्री रस्त्यावरचे कामगार अंगावर घालतात तो. कुठून आणला कोण जाणे. मी ते काढून ठेवणार होते. मग परत तसंच ठेवलं. टेम्पोतसुद्धा खिडकीतून थंडी वाजतेच.